पिवळी तार, हिरवी तार

बाबूजी आणि मी पाच महिने एकमेकांशी बोलत नव्हतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यातूनच निघालं. पवनीतल्या आमच्या घरात दोन खोल्या, एक ओसरी आणि ओसरीला लागून गल्ली. एवढ्याशा जागेत अबोला धरणं सोपं नसतं. ताट घ्यायला वाकलं तर खांदा लागतो, मोरीतून बाहेर पडलं तर समोर तेच उभे. तरी आम्ही तो धरला आणि इतक्या निगुतीनं पाळला की शेजारणी मुद्दाम काहीतरी मागायला येऊन बघून जायच्या. बाबूजी भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "तिले म्हणा, टेस्टर कुठं ठेवला." मी हातभर अंतरावर बसलेली, सगळं ऐकलेलं. पण आई माझ्याकडे वळून तेच पुन्हा म्हणेपर्यंत मी हलायची नाही. मग आईलाच सांगायची, "त्यायले म्हण, जिथं ठेवला होता तिथंच हाय." एकदा आई हातातली कढई आपटून ओरडली, "मी का एक्सचेंजवाली बाई हावो का बाप्पा? तोंडं दिली ना देवानं दोघायले!" त्यावर आम्ही दोघंही गप्प. त्या एका बाबतीत आमचं एकमत होतं.

कारण म्हटलं तर सिहोऱ्याकडचं एक स्थळ. मी नागपुरात मावशीकडे राहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. निकाल हातात घेऊन घरी आले, तर इथे पोह्यांची तयारी. मुलगा तसा बरा होता, धानाचा व्यापार होता. पण त्याची आई म्हणाली, "शिकली ते ठीक, आता घरात बसून विसरून जाईल." माझं डोकं फिरलं. मी मुलाला सरळ विचारलं, "तुम्ही शाळेत शिकलेलं सगळं विसरले काय?" पाहुण्यांनी अर्धे पोहे टाकले आणि चपला घातल्या. बाबूजींनी त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत पोचवलं, परत आले आणि म्हणाले, "आजपासून हिचा अन् माहा संबंध नाही." मीही म्हणाले, "बरं झालं." तेव्हा मला ते फार बाणेदार वाटलं होतं. आता वाटतं, दोघांच्याही कानाखाली कोणीतरी एकेक द्यायला हवी होती.

माझ्या लहानपणी ओसरीत माग होता. पहाटेपासून त्याची खटखट चालायची आणि ती थांबली की मला जाग यायची. आजोबा, बाबूजी, दोघंही विणकर. पुढे मागावरचं लुगडं कोणी घेईना, तेव्हा बाबूजींनी मागाच्या खड्ड्यात मुरूम भरून तो बुजवला, वर शहाबादी फरशी टाकली आणि वायरमन झाले. आधी ट्रॅक्टरचे दिवे, मग ट्रकांचे डायनामो, आणि गोसीखुर्द धरणाच्या कालव्यांची कामं निघाल्यावर मोठमोठ्या मशिनी. शिकवायला कोणी नव्हतं, सगळं बघून आणि चटके खाऊन शिकलेले. पण हात विणकराचाच राहिला. गुंता दिसला की त्यांना चैन पडायची नाही. पुड्याचा दोरा ते कधी तोडायचे नाहीत, सोडवायचे. त्यांनी बांधलेली वायरिंग उघडली की एकेक तार ताण्यातल्या सुतासारखी सरळ, शेजारी शेजारी, वर मेणाच्या दोऱ्याची वेढणी, बोटाबोटाच्या अंतरावर गाठ. लोक बोनेट उघडून दुसऱ्यांना दाखवायचे. मलाही त्याचा अभिमान होता, हे त्या पाच महिन्यांत मी कबूल केलं नसतं.

त्या दिवसांत आम्ही जेवणातूनही भांडायचो. मला झिंग्यांचा वास सहन होत नाही, तर बाबूजी बाजारातून झिंगेच आणणार आणि वांग्यात घालायला लावणार. माझी स्वयंपाकाची पाळी आली की मी लाखोरीच्या डाळीला लसणाची फोडणीच देणार नाही, कारण लसणाशिवाय त्यांना घास उतरत नसे. ते भातावर डाळ घ्यायचे, एक घास खायचे, आईकडे बघायचे. आई म्हणायची, "माह्याकडं कायले पाहता? जिनं केली तिले विचारा." ते विचारायचे नाहीत. नुसत्या मिठाशी भात खाऊन उठायचे आणि मला त्याचा आनंद व्हायचा. खोटं कशाला सांगू, खूप आनंद व्हायचा.

अशात राजूभाऊंची पोकलेन आली. आमच्याकडे साखळीवर चालणाऱ्या खोदाईच्या कुठल्याही मशीनला पोकलेनच म्हणतात. राजूभाऊ उपकालव्याच्या खोदाईचे ठेकेदार. त्यांनी चंद्रपूरकडच्या लिलावातून ही जुनी मशीन उचलून आणली होती. बाहेरून पिवळीधमक, आतून उंदरांनी खाल्लेली. ही नव्या पद्धतीची होती. इंजिनाला एक कॉम्प्युटर, हातपाय हलवणाऱ्या हायड्रोलिकला दुसरा, आणि केबिनमध्ये पडदा. बाबूजी त्यांना डबे म्हणायचे. हे डबे दोन बारीक तारांवरून एकमेकांशी बोलतात, एक पिवळी आणि एक हिरवी, आणि बोलणं बंद पडलं की इंजिन आपोआप मंद होतं आणि मशीन हात वर धरून उभी राहते. कंपनीची नवी वायरिंग यायला दोन महिने लागणार होते. राजूभाऊंना घाई. बाबूजी म्हणाले, "जशी होती तशी मी बनवून देतो."

त्यांनी ती गल्लीत बनवली. विणकर ताण्याच्या सुताला खळ पाजायला तो गल्लीत लांबवतात ना, तश्शी. एका टोकाला खुंट्या ठोकल्या, कुरतडलेली जुनी वायरिंग मापाला शेजारी आडवी टाकली आणि नवीन तारा एकेक करून ताणल्या. शेवटी पिवळी आणि हिरवी राहिली. त्या दोन तारा जोडीनंच मिळतात, एकमेकींभोवती पीळ घातलेल्या. बाबूजींनी ती जोडी हातात धरली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "बाजारवाले बी काहीच्या काही करतात. तारायचा दोर करून ठेवला." मग भिंतीला म्हणाले, "तिले म्हणा, टोक धर." आईनं मला म्हटलं. मी टोक धरलं. ते दुसऱ्या टोकाकडून पीळ उलगडत आले, चिमटीत धरून, ओढून, अंगठ्यानं सरळ करत, आणि दोन्ही तारा त्यांनी डायनामोच्या जाड तारेच्या बाजूला अगदी सरळ रेषेत बसवल्या. मी डिप्लोमाला शिकले होते की टेलिफोनच्या तारांना पीळ असतो तो उगाच नसतो. शेजारच्या तारेतला गोंगाट पिळामुळे दोघींवर सारखा पडतो आणि पलीकडचा कान दोघींतला फक्त फरक ऐकतो, म्हणून गोंगाट आपोआप वजा होतो. सरळ केल्या की एकीवर जास्त पडतो, एकीवर कमी. हे मला माहीत होतं. टोक हातात होतं तेव्हाच आठवलं होतं. तोंड उघडायचं तर आधी मला बोलावं लागलं असतं, आणि मी का म्हणून बोलू? आणखी एक गोष्ट आहे, तीही लिहून टाकते. मला वाटलं, होऊ दे फजिती. राजूभाऊसमोर होऊ दे.

फजिती झाली नाही. मशीन सुरू झाली, पडदा लागला, राजूभाऊंनी बाबूजींच्या पाठीवर थाप मारली. चार दिवसांनी ती कालव्यावर बंद पडली. पडद्यावर लाल खूण, कर्कश टीं टीं, इंजिन आपोआप मंद, बकेट हवेत. बंद करून चालू केली की पुन्हा ठीक, अर्ध्या तासात पुन्हा तेच. बाबूजी गेले, एकेक जोड तपासला, इंजिन मंद ठेवून तासभर चालवलं, काही नाही. ते घरी आले की पुन्हा टीं टीं. असं आठ-दहा वेळा झालं.

मशीन चालवायचा तो दौलत. त्याचं गाव गोसीच्या पाण्यात गेलं होतं आणि तो बायकोसोबत पुनर्वसनाच्या वसाहतीत राहायचा. विहारातल्या जयंतीच्या वर्गणीची वही त्याच्याकडे असायची, इतका त्याच्या शब्दाला मान. राजूभाऊंच्या बाकी माणसांना जुन्या दांड्यांच्या मशिनी येत, पडद्याची ही एकट्या दौलतला. त्याचं आणि राजूभाऊंचं आदल्याच महिन्यात वाजलं होतं. एका म्हातारीची बोडी, म्हणजे शेतातलं लहान तळं, राजूभाऊंनी त्याला बुजवायला सांगितली. दौलत म्हणाला, "पहिले मोजणीवाले आणा, मंग बकेट टाकतो." सगळ्या मजुरांसमोर म्हणाला. राजूभाऊंनी ते पोटात ठेवलं. आता मशीन बंद पडायला लागली, ती पण फक्त दौलतच्या हाताखाली, तेव्हा त्यांना जे पाहिजे होतं ते मिळालं. तरी त्यांना एक शब्द हवा होता. तो बाबूजींनी दिला. बस स्टँडच्या चहाच्या टपरीवर, दहा माणसांत, कोणीतरी विचारलं की वायरिंग तुमचीच ना. बाबूजी म्हणाले, "माह्या वायरीत खोट निघाली तर हात कापून देतो. माह्यापाशी चालते अन् त्याच्यापाशी बंद होते, याचा मतलब समजा. पोट्टा आतून काहीतरी करून राहिला."

संध्याकाळपर्यंत पवनीभर झालं की दौलतनं मालकाच्या मशीनच्या तारा तोडल्या. राजूभाऊंनी त्याला कामावरून काढलं, त्याचं लायसन ठेवून घेतलं आणि सांगितलं की रविवारी येऊन तारा तोडल्याचं लिहून दे, नाहीतर ठाण्यात तक्रार. असं लिहून दिलं की संपलं. पुढे कोणताही ठेकेदार अशा माणसाला मशिनीवर बसवत नाही. मी हे आईकडून ऐकलं. भाजी निवडता निवडता मला त्या पिळाची आठवण झाली. पण तेव्हासुद्धा मी स्वतःला म्हणाले की आपल्याला नक्की काय माहीत आहे? शंका आहे नुसती. माणूस स्वतःला किती छान समजावतो.

शनिवारी दुपारी दौलतची बायको शालू आमच्याकडे आली. माझ्याच वयाची. ओसरीच्या पायरीशी उभी राहिली, वर आली नाही. बाबूजी घरी नव्हते. आईनं ओसरीतल्या कोनाड्यात उपडा ठेवलेला गिलास घेतला, पाणी भरलं आणि पुढे केला. तो गिलास कोणासाठी वेगळा ठेवलेला असायचा ते घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी त्यावर बोलत नसे. मीसुद्धा नाही, नागपूरला शिकून आलेली. शालूनं गिलासाकडे पाहिलं आणि म्हणाली, "राहू द्या जी. या गिलासाची ओळख हाय मले." आईचा हात तसाच राहिला. "पान्यासाठी नाही आली मी. तुमच्या मालकानं टपरीवर माह्या माणसाचं नाव घेतलं. पाहिलं का त्यायनं तार तोडताना? आमचं गाव गेलं, वावर गेलं, तरी आमी कोणाचं काही तोडलं नाही. आता त्याले लोकं चोट्टा म्हणून राहिले. तुमच्या मालकाले सांगा, पाहिलं असन तर उद्या तिथं येऊन सांगा. नसन पाहिलं तर थुका गिळा." शालू माझ्याकडे वळली. "तुमी तर शिकल्या हा म्हणतात. तुमाले बी काही समजत नाही?" आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली.

आईनं गिलासातलं पाणी तुळशीत ओतलं. मग म्हणाली, "खरंच काही समजते का व तुले?" मी म्हणाले, "समजते." एवढंच. कधीपासून समजतं ते नाही सांगितलं. संध्याकाळी बाबूजी आले तेव्हा आई दारातच उभी होती. "उद्या ही तुमच्यासंग येते," ती म्हणाली. "नाही म्हणसान तर उद्यापासून मी कोणाचा निरोप कोणाले देणार नाही. अन् भात बी दोघं आपापला शिजवा." बाबूजींनी चपला काढल्या, पाय धुतले आणि भिंतीला म्हणाले, "मीटर तिचं तिनं आणावं."

रविवारी सकाळी आम्ही मोपेडवर गेलो. मी मागे, मीटरची पिशवी मांडीवर, त्यांच्या सदऱ्याला हात लागू नये म्हणून सीटच्या मागची कडी धरून. उपकालव्याच्या भरावावर मशीन उभी होती. राजूभाऊ जीपच्या बोनेटवर कागद ठेवून बसले होते आणि दौलत लांब पळसाखाली, हात पाठीमागे. मला बघून राजूभाऊ हसले. "वायरमनजी, पोरीले पिकनिकले आणलं का?" मी म्हणाले, "एक तास द्या. एका तासानं कागद लिहून घ्या नाहीतर फाडा." ते म्हणाले, "एका तासात काय करशीन व तू?" "तुमच्या मशीनले विचारतो, तिले काय होऊन राहिलं," मी म्हणाले. रागात मी अशीच बोलते, अजूनही.

केबिनमध्ये इंग्रजी पुस्तक होतं, मशीनसोबत लिलावातून आलेलं, ज्याला कोणी हात लावला नव्हता. मी ते उघडलं. त्यात होतं की बॅटरी सोडवून पिवळी आणि हिरवीमध्ये मीटर लावा, साठ ओहम आले पाहिजेत. दोन्ही टोकांच्या डब्यांत एकशेवीसचा एकेक रोधक असतो, दोन्ही समांतर जोडलेले, म्हणून मिळून साठ. एकशेवीस आले तर एका टोकाचा संबंध तुटलेला. माझ्या मीटरवर आले साठ. बाबूजी मागे उभे होते, त्यांनी आकडा वाचला आणि घसा खाकरला. मग बॅटरी जोडली, दोन्ही तारांवरचा विजेचा दाब पाहिला, पुस्तकातल्यासारखाच. कुठे मशीनच्या लोखंडाला लागलेली नाही, कुठे तुटलेली नाही. सगळं बरोबर. बाबूजी आता राजूभाऊंकडे बघून म्हणाले, "सांगितलं होतं ना." राजूभाऊंनी पेनाचं टोपण काढलं. पळसाखाली दौलतनं मान खाली घातली. मला फक्त शंकाच होती आणि मीटर मला खोटं पाडत होतं.

मग डोक्यात आलं, मीटर लावलं तेव्हा इंजिन बंद होतं. शांततेत कोणालाही ऐकू येतं. बाबूजी तपासायला यायचे तेव्हाही इंजिन मंदच ठेवायचे, मशीनवर जोर नको म्हणून, जपून. दौलत मात्र पूर्ण वेगात खोदायचा, कारण त्याला रोजचं माप द्यायचं असायचं. फरक माणसाचा नव्हता, वेगाचा होता; वेग वाढला की डायनामोच्या तारेतला गोंगाटही वाढतो. मी राजूभाऊंना म्हणाले, "दौलतभाऊ तिथंच उभे राहतीन. मशीनवर बाबूजी बसतीन. इंजिन फुल."

बाबूजींनी पाच महिन्यांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. त्यांना नाही म्हणता आलं असतं. पण दहा माणसांत हात कापून देण्याची भाषा केलेला माणूस, तो चढला. वेगाची चकती शेवटपर्यंत फिरवली. इंजिन गरजलं, भरावावरची माती थरथरली. त्यांना दांडे फारसे जमत नव्हते. हात वर, हात खाली, बकेट उघड, मिट, एवढंच ते करत राहिले. दहा मिनिटं गेली. राजूभाऊ घड्याळ बघायला लागले. मी देवाचं नाव घेत नाही, तेव्हाही घेतलं नाही, पण पिशवीचा बंद बोटाला गुंडाळून बोट काळंनिळं केलं. आणि मग आलं ते टीं टीं. लाल खूण. इंजिन खाली बसलं, बकेट हवेत राहिली, आणि केबिनच्या काचेआड बाबूजी, दोन्ही हात दांड्यांवर. दौलत पन्नास पावलांवर होता.

बाबूजी खाली उतरले नाहीत. मी घरून आणलेली नवीन जोडी काढली, पीळ असलेली, जुनी सरळ जोडी दोन्ही डब्यांपासून सोडवली आणि ही बाहेरून, टपावरून, डायनामोच्या तारेपासून लांब नेऊन जोडली. दिसायला इतकी गचाळ की बाबूजींनी एरवी उचलून फेकली असती. मग मी दौलतला हाक मारली. तो आला. बाबूजी उतरले, तो चढला, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. त्यानं पूर्ण वेगात खोदलं, अर्धा तास, पाऊण तास, तास. पडद्यावर काही नाही. राजूभाऊ म्हणाले, "म्हणजे काय होतं?"

आणि मी सांगितलं. पिळाचं, गोंगाटाचं, सगळं. आवाज चढवून सांगितलं, मजुरांनाही ऐकू जाईल असं. "बाबूजीनं पीळ काढला. तारा सुंदर दिसाव्या म्हणून. त्यायच्या सुंदर कामापायी या माणसाले तुमी चोट्टा केलं." मला थांबता येत नव्हतं. पाच महिन्यांचं बोलणं साचलं होतं आणि ते सगळं एकदम बाहेर पडत होतं. बाबूजी सरळ केलेल्या त्या दोन तारा हातात घेऊन उभे होते. दौलत केबिनमधून उतरला, माझ्याजवळ आला आणि हळूच विचारलं, "ताई, हे करताना तुमी नव्हत्या का घरी? तुमी पाहिलं असतं तर तवाच सांगितलं असतं."

मी म्हणाले, "नव्हती. मी नागपूरले होती."

बाबूजींनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. बोलायला पाहिजे होतं, त्यांच्या जागी मी असते तर बोलले असते. त्यांनी मान पुन्हा खाली घातली आणि तारा गुंडाळायला लागले. राजूभाऊंनी कागद फाडला, लायसन दौलतच्या हातात दिलं आणि म्हणाले, "ये मंग उद्यापासून." माफी वगैरे काही नाही. दौलत म्हणाला, "तुमच्याकडं नाही जी," आणि चालत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बाबूजी एकटे बस स्टँडच्या टपरीवर गेले. मला नंतर टपरीवाल्याच्या बायकोनं सांगितलं. त्यांनी चहा मागितला नाही. उभ्याउभ्याच म्हणाले, "दौलतनं काही केलं नव्हतं. वायरिंग मीच बिघडवली होती. माह्या एकट्याचं काम होतं ते." कोणीतरी हसलं, कोणीतरी हाताचं विचारलं, कधी कापता म्हणून. ते म्हणाले, "तुमी सांगा तवा," आणि घरी आले. दुपारी जेवताना मला, सरळ मलाच, म्हणाले, "डाळ दे." मी दिली. त्यानंतर आम्ही बोलायला लागलो, पण त्या गोष्टीबद्दल त्यांनी जन्मात शब्द काढला नाही, आणि मीही नाही. मशिनींचं काम त्यांनी हळूहळू माझ्याकडे दिलं. शेवटची काही वर्षं ओसरीत बसून माझ्या तारांकडे बघत राहायचे. त्यांना गाठी आवडायच्या नाहीत, तरी गप्प राहायचे. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

दौलत पुढे स्वतःच्या मशीनचा मालक झाला. जुनीच घेतली, आणि ती बिघडली की मलाच बोलवायचा. दिघोरीकडे काम असलं तरी गाडी पाठवायचा. मी पोचले की तिथल्या माणसांना सांगायचा, "या ताईनं माहं नाव वाचवलं." मी मीटर काढायची आणि ऐकून घ्यायची. किती वर्षं ऐकून घेतलं याचा हिशेब लावला तर लाज वाटते. मागच्या उन्हाळ्यात त्याच्या मशीनवर बसले होते, आता चष्म्याशिवाय पिवळी कोणती आणि हिरवी कोणती ते कळत नाही. त्यानं पुन्हा कोणालातरी तेच सांगितलं आणि मला ते सहन झालं नाही. माणसं गेल्यावर मी म्हणाले, "दौलतभाऊ, मी नागपूरले नव्हती. गल्लीतच होती. टोक मीच धरलं होतं. अन् मले माहीत होतं."

तो मशीनच्या साखळीवर बसला. मग म्हणाला, "मले मालूम हाय."

"कवापासून?"

"तुह्या बाबूजीनं टपरीवर एकट्याचं काम म्हटलं तवापासून. माहा बाप दोर वळे. पीळ घालाले दोन माणसं लागतात अन् काढाले बी दोनच. लहानपणी दुसरं टोक मीच धरत होतो." दौलत मला नेहमी ताई, तुमी म्हणायचा. त्या दिवशी पहिल्यांदा तू म्हणाला.

"मंग इतकी वर्षं बोलले काहून नाही? वरून मले बोलवत बी राहिले."

"काम तुले चांगलं येते म्हणून बोलवलं. अन् पाहून राहिलो होतो, तू कवा सांगते." तो उठला, हात झटकले. "शालू विचारत होती दरवर्षी. सांगितलं का तिनं, म्हणून. गेली ती मागच्या थंडीत."

मी उरलेलं काम पूर्ण केलं, साठ ओहम पाहिले, मशीन सुरू करून दिली. त्यानं गाडीवाल्याला मला पवनीपर्यंत सोडायला सांगितलं. नंतर त्याची मशीन दोनदा बिघडल्याचं मी ऐकलं. माणूस नागपूरहून आणला म्हणे.